किलोचे लिटर करताना मधला ०.७४ कुठून आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनाच्या टेस्ट बेडवर कोरिओलिस मीटर, म्हणजे थेट किलोत प्रवाह मोजणारा मीटर, ताशी १८.४ किलो पेट्रोल दाखवतो. साहेबांना आकडा लिटरमध्ये हवाय. पेट्रोलची डेन्सिटी ०.७४ धरून भागलं की २४.८६ येतात. पण त्याच लाईनवर पुढे थेट लिटर मोजणारा ओव्हल गिअर मीटर आहे, तो ताशी २५.७ लिटर दाखवतो. लाईनचं तापमान ३८ अंश. ड्रम उघडला त्या दिवशी कुणीतरी रजिस्टरमध्ये ‘७१७, ३६ अंश’ असं लिहून ठेवलंय, त्याचा अर्थ कळत नाही. दोन आकड्यांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरक पडतोय, तर कुठला मीटर काढून कॅलिब्रेशनला पाठवायचा?

आज तरी कुठलाच पाठवू नका. दोन्ही मीटर बरोबर बोलतायत. खोटं बोलतोय तो तुमचा ०.७४. आणि ज्याने ‘७१७, ३६ अंश’ लिहून ठेवलंय, त्याला माझ्या वतीने एक चहा पाजा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीत आहे.

भागाकाराबद्दल वाद नाही. ताशी किलोंना किलो-प्रति-लिटरने भागलं की ताशी लिटर मिळतात, हे शाळेतल्या मुलालाही जमतं. घोळ भाजकात असतो. पेट्रोलची डेन्सिटी ०.७४ हे वाक्य अर्धवट आहे. कुठलं पेट्रोल आणि किती अंशाला, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या टेस्ट सेलच्या भिंतीवर खडूने ०.७४ लिहिलेलं होतं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणाला माहीत नव्हतं. दर दिवाळीला भिंत रंगवायचे आणि रंगारी गेला की कुणीतरी परत तेच लिहायचं.

आता तुमचाच आकडा सोडवू. ड्रममधलं पेट्रोल जारमध्ये घेऊन हायड्रोमीटर, म्हणजे डेन्सिटी दाखवणारी तरंगती काचेची नळी, सोडला, तेव्हा तो ७१७ ला तरंगला आणि जारमधलं तापमान ३६ होतं, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. म्हणजे ३६ अंशाला एका घनमीटरचं वजन ७१७ किलो, लिटरचं ०.७१७. पेट्रोल तापलं की फुगतं आणि दर अंशाला त्याची डेन्सिटी साधारण ०.९ ने उतरते. हा ०.९ पाठ करून ठेवा, आयुष्यभर पुरेल. तुमची लाईन ३८ अंशाला आहे, म्हणजे आणखी दोन अंश. ७१७ मधून १.८ वजा केले, ७१५.२ राहिले. १८.४ ला ०.७१५२ ने भागा. २५.७३ येतात. ओव्हल गिअर मीटर २५.७ म्हणतोय. झालं.

मग ०.७४ मध्ये चूक किती होती आणि कशाची होती? त्यात दोन चुका एकाच दिशेने साचल्या होत्या. पहिली तापमानाची. ७४० हा आकडा १५ अंशाचा असतो. ते पेट्रोल ३८ ला नेलं की ७१९ होतं, आणि तेवढ्यानेच तुमचे २४.८६ लिटर २५.५९ वर जातात. दुसरी चूक मालाची. तुमच्या ड्रमातलं पेट्रोल १५ अंशाला ७४० नव्हतंच. ३६ अंशाच्या ७१७ मध्ये २१ अंशांचे १८.९ मिळवा, ७३६ येतात. त्या चार आकड्यांमुळे आणखी ०.१४ लिटर. तापमानाचा वाटा मोठा, मालाचा लहान. पण दर वेळी असंच असेल असं धरू नका. बीएस-६ पेट्रोलला आपल्याकडच्या मानकात १५ अंशाला ७२० ते ७७५ एवढी मुभा आहे. तुमचे १८.४ किलो एका टोकाला २५.५६ लिटर होतात आणि दुसऱ्या टोकाला २३.७४. साडेसात टक्क्यांची तफावत, आणि दोन्ही टँकर नियमात बसणारे!

ज्यांना ०.९ चा आडाखा पुरत नाही त्यांच्यासाठी नीट सूत्र. एका तापमानाची डेन्सिटी आणि लिटर १५ अंशावर आणायला तेल डेपोत जी ५३बी आणि ५४बी ही टेबलं वापरतात, ती याच सूत्रावर उभी आहेत. १५ अंशाची डेन्सिटी घ्या, किलो-प्रति-घनमीटरमध्ये. ३४६.४२२८ ला डेन्सिटीच्या वर्गाने भागा. ०.४३८८ ला नुसत्या डेन्सिटीने भागा. दोन्हींची बेरीज म्हणजे प्रसरणाचा गुणांक. ७३६ साठी तो ०.००१२३६ येतो, म्हणजे दर अंशाला सव्वा दशांश टक्का. या गुणांकाला १५ अंशापासूनच्या फरकाने गुणा, आपल्या बाबतीत २३ ने. आलेल्या आकड्याला ‘क्ष’ म्हणू. मग ई चा घात, वजा क्ष गुणिले कंसात १ अधिक ०.८ क्ष. ३८ अंशाला हा घटक ०.९७१३५ येतो. ७३६ गुणिले तो, ७१४.९. लिटर २५.७४. आडाख्याने २५.७३ आले होते. टेस्ट बेडवर एवढ्यासाठी ई चा घात काढत बसणाऱ्याला मी अडवणार नाही, पण स्वतः बसणार नाही. डेपोत लाखो लिटरचा हिशेब असतो, तिथे गोष्ट वेगळी.

एक सावधगिरी. वरचे दोन स्थिरांक पेट्रोलच्या टापूतले आहेत, १५ अंशाला ६५३ ते ७७० पर्यंतचे. डिझेल किंवा रॉकेलला तेच लावू नका, त्यांचे आकडे वेगळे आहेत.

आता साहेबांना कुठला आकडा द्यायचा? इथे बरेच जण अडकतात. ३८ अंशाला ताशी २५.७ लिटर हेही खरं, आणि १८.४ भागिले ०.७३६ म्हणजे १५ अंशाला ताशी २५.० लिटर हेही खरं. पंप निवडायचा असेल, पाईपचा व्यास ठरवायचा असेल, फिल्टरवर किती प्रवाह जातोय ते बघायचं असेल, तर ३८ चा आकडा, कारण पंपाला प्रत्यक्ष तेवढे लिटर ढकलायचे आहेत. दोन इंजिनांची तुलना करायची असेल, मायलेज काढायचं असेल, तर १५ चा. आणि शक्य असेल तर लिटर नकोतच, किलोच द्या. किलोला ऊन लागत नाही.

हे मी शिकलो ते पुस्तकातून नाही. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात एका कारखान्यात होतो, नाव जाऊ द्या. मे महिना होता. एकाच गाडीचं मायलेज दोन टीमनी काढलं. आमच्या टीमने चॅसिस डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर चालवून, किलोत मोजून १५ अंशाच्या डेन्सिटीने लिटर केले. दुसऱ्या टीमने गाडीत काचेचा मोजपट्टीवाला जार बसवून रस्त्यावर चालवली आणि जारमधले लिटर जसेच्या तसे धरले. जारमधलं पेट्रोल ४१ अंशाला होतं. २६ अंशांचा फरक म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. त्यांचं मायलेज आमच्यापेक्षा तेवढंच कमी दिसत होतं. दोन आठवडे मीटिंगा झाल्या. टायरचा दाब, ड्रायव्हरचा पाय, एअर फिल्टर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी एका डिप्लोमाच्या ट्रेनी मुलीने विचारलं, “सर, जारमध्ये थर्मामीटर कुठाय?” जारमध्ये थर्मामीटर नव्हताच. तापमान गाडीच्या लॉगरमध्ये होतं आणि तो कॉलम कुणी उघडून बघितला नव्हता. मीही नाही.

हायड्रोमीटरने डेन्सिटी घेणं सोपं दिसतं, पण तिथेच दोन-तीन आकड्यांची चूक सहज होते. जार उन्हात ठेवू नका, पंख्याखालीही नको. पेट्रोल ओतताना जारच्या कडेने ओता, वरून धबधब्यासारखं नको, कारण फेस आणि बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटतात आणि तो वर उचलला जातो. हायड्रोमीटर सोडल्यावर दोन बोटांनी हलकी गिरकी द्या म्हणजे तो काचेला चिकटणार नाही. थांबला की डोळा पातळीत आणून पेट्रोलचा सपाट पृष्ठभाग जिथे दांडीला कापतो तिथला आकडा घ्या, काचेला चढलेली कड नको. आणि तापमान वाचनाच्या आधी आणि नंतर, दोनदा. दोन्हींत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर जार अजून स्थिरावलेला नाही. पण फार वेळही घालवू नका, उघड्या जारमधून हलके घटक उडून जातात आणि राहिलेलं पेट्रोल जड दाखवतं. चहा पिऊन येतो म्हणून जार तसाच ठेवून गेलात तर आलेला आकडा रजिस्टरमध्ये लिहू नका.

पेट्रोल पंपावर हेच रोज सकाळी चालतं, फिल्टर पेपर चाचणीच्या शेजारी. टँकरच्या चलनावर डेपोची १५ अंशाची डेन्सिटी असते, पंपवाला जारमध्ये घेतलेला आकडा टेबलाने १५ वर आणतो आणि ३ पेक्षा जास्त फरक आला तर माल संशयास्पद ठरतो. ग्राहकाला मात्र आपल्याकडे लिटर जसे असतील तसेच मिळतात, १५ अंशाचे नाहीत. त्यावरून ‘पहाटे पेट्रोल भरा, जास्त मिळतं’ असा सल्ला फिरत असतो. गणित बरोबर, निष्कर्ष पोकळ: दहा लिटरला दर अंशामागे १२ मिली पडतात, पण जमिनीखालच्या टाकीचं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. झोप पूर्ण करा.

तुमच्या बेडवर आणखी एक जागा तपासा, कारण तिथे लिटरवाले सगळ्यात जास्त फसतात. रिटर्न लाईन आहे का? जिथे पंप गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल पाठवतो आणि उरलेलं टाकीत परत येतं, तिथे लोक जाताना एक मीटर आणि येताना एक मीटर बसवतात आणि वजाबाकी करतात. समजा जाताना ३० अंशाला ताशी १०० लिटर गेले. इंजिनाने २५ जाळले. ७५ परत यायला हवेत, पण परतीचं पेट्रोल गरम इंजिनाशेजारून येतं, ४५ अंशाला. १५ अंशांनी ते फुगून ७६.४ झाले. वजाबाकी २३.६. इंजिनाने जाळलेल्या प्रत्येक शंभर लिटरपैकी साडेपाच लिटर कागदावरून गायब! मीटर दोन्ही अचूक, चूक फक्त वेगवेगळ्या तापमानाचे लिटर एकमेकांतून वजा करण्याची. म्हणून आधी दोन्हींचे किलो करा, मग वजा करा. नंतर हवे तर लिटर करा.

आणि गरम पेट्रोलात वाफेचे बुडबुडे येतात. ओव्हल गिअरला बुडबुडा आणि पेट्रोल यांतला फरक कळत नाही, तो दोन्ही मोजतो. कोरिओलिस निदान बोंब मारतो, त्याची डेन्सिटी ७१५ वरून अचानक ६८० वगैरे दाखवायला लागते. तसं दिसलं तर पेट्रोल हलकं झालं असं समजू नका, फिल्टर तुंबलाय का किंवा पंपाच्या सक्शनला कुठे हवा ओढली जातेय का ते बघा. दाबाची काळजी मात्र सोडा. तीन-चार बारला पेट्रोल जेमतेम अर्ध्या दशांश टक्क्याच्या आत दबतं. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत २०० बारला ते दीड-दोन टक्क्यांवर जातं, पण तुमचा मीटर त्या उच्चदाबाच्या पंपाच्या अलीकडेच असणार.

इंजेक्टरवाल्यांचा एक प्रश्न मला वारंवार येतो, तोही इथेच घेतो. अमेरिकन कॅटलॉगात इंजेक्टर ताशी पौंडात असतो, आपल्याला मिनिटाला सीसी हवे असतात. सगळे १०.५ ने गुणतात. हा १०.५ आला कुठून? ताशी एक पौंड म्हणजे मिनिटाला ७.५६ ग्रॅम. त्याला ०.७२ ने भागलं की १०.५. म्हणजे कुणीतरी ०.७२ डेन्सिटी गुपचूप आत घालून ठेवलीय. १५ अंशाच्या ०.७४५ पेट्रोलला तो १०.१५ होतो. गंमत पुढे आहे. इंजेक्टरची प्रमाणित चाचणी बहुतेकदा पेट्रोलवर होतच नाही, नॉर्मल हेप्टेनवर होते, कारण ते शुद्ध असतं आणि जगात कुठेही सारखंच मिळतं. त्याची डेन्सिटी २० अंशाला ०.६८४. तिथे गुणक ११.०५ हवा. आणि त्याच दाबाला भोकातून किती द्रव जातो हे डेन्सिटीच्या वर्गमुळावर ठरतं. हेप्टेनऐवजी ०.७४ चं पेट्रोल आलं की किलो चार टक्क्यांनी वाढतात आणि लिटर चार टक्क्यांनी घटतात. म्हणजे कॅटलॉगातले सीसी बेडवर मिळाले नाहीत म्हणून इंजेक्टर तुंबलाय असं लगेच ठरवू नका. आधी विचारा की कॅटलॉगातला आकडा कुठल्या द्रवावरचा.

आता इथेनॉल. आपल्या पंपांवर २०२५ पासून सगळीकडे वीस टक्के मिश्रण मिळतं. इथेनॉल १५ अंशाला ७९४ च्या आसपास, म्हणजे ७४० च्या पेट्रोलात २० टक्के घातलं की मिश्रण ७५१ च्या घरात जातं. त्यामुळे जुना ०.७४ आणखी चुकतो, पण ते हायड्रोमीटर सांभाळून घेतो. खरा फटका मोबाईल ॲपवाल्यांना बसतो. गाडीच्या पोर्टला डोंगल लावून हवेच्या मीटरवरून पेट्रोल काढणारी ॲप हवेच्या ग्रॅमना १४.७ ने (एक ग्रॅम पेट्रोल जाळायला लागणारी हवा) भागतात आणि मग ०.७४ ने लिटर करतात. सेकंदाला १२ ग्रॅम हवा असेल तर ताशी ३.९७ लिटर दाखवतील. वीस टक्के इथेनॉलला हवेचं प्रमाण १३.५ लागतं. तेच १२ ग्रॅम, १३.५ आणि ०.७५ ने, ४.२७ लिटर. सात टक्क्यांनी कमी पेट्रोल दाखवणारं ॲप बघून गाडीवाला खूश आणि पंपावर गेला की हैराण. ॲपच्या सेटिंगमध्ये दोन्ही आकडे बदलता येत असतील तर बदला.

एकक लिहिण्याबद्दल दोन वाक्यं बोलतो, कारण एकदा यात विमान गेलं होतं. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एका बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना लिटरांना १.७७ ने गुणलं आणि उत्तर किलो समजलं. १.७७ हे लिटरचे पौंड होते, किलोंसाठी ०.८ हवा होता. साधारण निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं, हवेत दोन्ही इंजिनं बंद पडली आणि पायलटांनी ते गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर नुसतं तरंगत उतरवलं. ते इंधन पेट्रोल नव्हतं, पण १.७७ च्या पुढे एकक न लिहिण्याची सवय आपल्या भिंतीवरच्या ०.७४ च्याच जातीची.

काट्यावर वजन करून मीटर तपासणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: हवेत तोललेलं पेट्रोल त्याच्या खऱ्या वस्तुमानापेक्षा ०.१५ टक्का हलकं दिसतं, हवा त्याला थोडं उचलून धरते म्हणून. अर्ध्या टक्क्याच्या ओव्हल गिअरला हे जाणवणार नाही. चांगल्या कोरिओलिसला मात्र जाणवतं.

तर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या चौकोनात ०.७४ भरलंय, तो चौकोन काढूनच टाका. कोरिओलिस मीटर नळीच्या कंपनावरून डेन्सिटी स्वतः मोजतो, त्याच क्षणाच्या आणि त्याच तापमानाच्या पेट्रोलची. बहुतेक मीटरना त्यासाठी दुसरं आउटपुट असतं आणि आमच्या बेडवर तरी ती वायर वर्षानुवर्षं पॅनलच्या मागे गुंडाळी करून पडलेली होती. ती शोधा, डेन्सिटीचं चॅनल म्हणून जोडा आणि भागाकार त्यानेच करू द्या. ३८ चे लिटर तिथेच मिळतील. १५ चे हवे असतील तर दर अंशाला ०.९ मिळवून दुसरा कॉलम करा आणि कॉलमच्या मथळ्यात ‘१५ अंश’ लिहा. दर नव्या ड्रमला हायड्रोमीटर घ्या, मीटरच्या डेन्सिटीशी त्याच तापमानाला आणून ताडून बघा. एक-दोन आकडे इकडेतिकडे चालतील. तीनच्या पुढे फरक गेला, लाईनमध्ये बुडबुडे नाहीत याची खात्री केली, जार दुसऱ्यांदा घेतला आणि तरीही फरक तसाच राहिला, तर मग मीटर काढा आणि कॅलिब्रेशनला पाठवा.